फ्लूच्या न्यूमोनियानंतर: घात होतो तो बरं वाटतं त्या दिवशी

प्रश्न: आई 56 वर्षांची, वजन 62 किलो, मधुमेहाच्या गोळ्या चालू. ऑगस्टमध्ये तिला एच1एन1 फ्लू झाला आणि त्यातून न्यूमोनिया. नऊ दिवस दवाखान्यात होती, त्यातले पाच दिवस ऑक्सिजनवर. घरी येऊन तीन आठवडे झाले. ताप नाही, ऑक्सिजन 96 दाखवतो, पण खोकला आणि थकवा जात नाही, दम लागतो. गणपतीत एक दिवस छान वाटलं म्हणून मोदक, आरती, आल्यागेल्याचं सगळं तिनेच केलं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. मावशी म्हणते पूर्ण आराम द्या. बाबा म्हणतात रोज कमाटीबागेत चालायला न्या. आम्ही दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. त्यात तिला नवरात्रात पावागड, म्हणजे कालिकामातेचा डोंगर, चढून नवस फेडायचाय. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: मी वडोदऱ्यातच छातीच्या आजारांची फिजिओथेरपी करते. 2009 ची स्वाइन फ्लूची साथ, 2015 ची, मग कोविड, या सगळ्यांतून उठलेले पेशंट हाताखालून गेलेत. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मोदकांचं वाक्य. आजारातून उठणारा माणूस वाईट दिवशी स्वतःला सांभाळतोच, कारण अंगच उठू देत नाही. घोळ होतो तो चांगल्या दिवशी. सकाळी हलकं वाटतं, तुंबलेली कामं डोळ्यांसमोर येतात, घरचेही "आज बरी दिसतेस" म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. संध्याकाळपर्यंत सगळी शिल्लक उडवून मोकळं. म्हणून मावशी आणि बाबा दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. आईंना हालचाल रोज हवी, पण तिचं माप आदल्या दिवशी ठरलेलं असावं, त्या दिवशी कसं वाटतंय त्यावर नाही.

आधी आईंच्या शरीरात झालंय काय ते सांगते, म्हणजे तीन आठवडे उलटले तरी असं का, हा प्रश्न सुटेल. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या आतलं अस्तर सोलून काढतो. त्या अस्तरावर बारीक केसांसारखी लव असते, ती कफ वर ढकलत असते. लव गेली की कफ साचतो आणि उघडं पडलेलं अस्तर थंड वारा, फोडणीचा धूर, अगरबत्ती, कशानेही चिडतं. ते पुरतं भरून यायला काही आठवडे लागतात, म्हणून अशा आजारानंतरचा खोकला आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. कोरडा असेल आणि हळूहळू कमी होत असेल तर घाबरायचं कारण नाही. फुप्फुसाचंही तसंच. एक्स-रेवरचे डाग बरेचदा सहा आठवड्यांनी जातात, वय आणि मधुमेह असेल तर आणखी उशिरा.

पण दम लागतो तो फक्त फुप्फुसामुळे, ही समजूत काढून टाका. साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तरी त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने घटतात, असं प्रयोगात दिसलंय. आई त्या वयाच्या जवळ आल्यात, त्यात ताप आणि न्यूमोनिया, बहुधा स्टिरॉइडही दिलं असणार. मांड्या वितळल्यासारख्या होतात. अशक्त स्नायूला तेवढ्याच कामासाठी जास्त जोर लावावा लागतो, हृदय धावतं, श्वास वाढतो. ऑक्सिमीटरवर 96 आणि तरी धाप, याचं बरंचसं उत्तर मांडीत असतं.

हे तपासायला यंत्र लागत नाही. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, आईंना बसवा, दोन्ही हात छातीवर घडी घालायला सांगा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला लावा. बाजूला उभे राहा आणि घड्याळ बघा. 15 सेकंदांच्या वर गेलं तर पायांची ताकद कमी झाली असं धरायचं. त्यापेक्षाही मी बघते ती उठायची पद्धत. पहिल्याच वेळी हात आपोआप मांडीवर येतो का? उठताना अंग पुढे झोकून द्यावं लागतं का? बसताना शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन पडतात का? ते धप्पकन पडणं ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसापासून जिना सोपा होऊ लागतो. म्हणून व्यायामही हाच द्यायचा: खुर्चीतून सावकाश उठणं, त्याहून सावकाश बसणं. पाच वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन दिवसांत एकेक वाढवायचं.

कुठलाही व्यायाम सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवी. उतरलेला ताप चार-आठ दिवसांनी पुन्हा चढला, खोकल्यातून पिवळा, हिरवा किंवा गंजासारखा कफ पडू लागला, श्वास घेताना बरगडीत कळ आली, तर ते फ्लूचं शेपूट समजून अंगावर काढू नका. विषाणूने सोललेल्या जागेत जिवाणू घुसतात आणि दुसरा न्यूमोनिया होतो. 1918 च्या महासाथीत दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने 2008 मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांमध्ये हा जिवाणूंचा न्यूमोनियाच सापडला होता. त्या काळी अँटिबायोटिक नव्हती. आज आहेत, पण वेळेवर पोचलं तर. तसंच छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, अचानक घाम, एका पोटरीला सूज, बोलण्यात गोंधळ, ओठ निळसर, किंवा बसल्या जागी ऑक्सिजन 94 च्या खाली, यांतलं काहीही दिसलं तर मला किंवा कोणालाही व्हॉट्सअपवर विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो, असं संशोधन आहे. तो आठवडा आईंनी ओलांडलाय, पण मधुमेहींना झटका येताना छातीत दुखेलच असं नसतं, म्हणून लक्ष असू द्या.

ऑक्सिमीटरबद्दल एक बारीकसं. गणपतीत मेंदी किंवा नेलपॉलिश लावलं असेल तर ते नसलेलं बोट निवडा. हात गार असतील तर आधी चोळून घ्या. आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. बसून 96 दिसणं पुरेसं नाही. घरातल्या घरात 40 पावलं चालवा आणि लगेच बघा. तीन-चारने खाली आला तर चालणं तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवा. आणि दिवसातून दोनदा बघितलं की यंत्र कपाटात. दर दहा मिनिटांनी बोट घालणाऱ्या पेशंटचा दम यंत्र बघूनच वाढतो.

आता माप ठरवण्याची पद्धत. आईंना आत्ता दमल्याशिवाय, म्हणजे चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतक्या वेगाने, किती मिनिटं चालता येतं ते बघा. समजा आठ मिनिटं. मग सुरुवात आठने नाही, पाचने करायची. रोज पाच मिनिटं, दोनदा, घरातल्या खोलीपासून गॅलरीपर्यंत. छान वाटलं तरी पाच, कंटाळा आला तरी पाच. तीन-चार दिवस काही त्रास झाला नाही तर सहा. त्रास झाला का, हे त्याच संध्याकाळी नाही कळत, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. म्हणून उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहाने वगैरे जास्त असेल, अंग मोडून आलं असेल, तर त्या दिवशी चालणं निम्मं आणि खुर्चीचा व्यायाम बंद. पूर्ण आडवं मात्र पडू द्यायचं नाही. मावशींना हे पटवणं तुमच्याकडे.

हे माप फक्त व्यायामाला नाही, कामालाही लावा. आंघोळ, साडी नेसणं, स्वयंपाक, पाहुणे, फोनवर तासभर बोलणं, या सगळ्याला श्वास लागतो. आंघोळ स्टुलावर बसून, फार कढत पाणी नको. केस धुवायचे त्या दिवशी चालणं कमी. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून. सकाळची सगळी कामं एका दमात उरकायची बायकांना सवय असते, तीच आत्ता नडते. एक काम, पंधरा-वीस मिनिटं हिंचक्यावर टेकणं, मग दुसरं काम.

तुमच्या जिन्याचं. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांचे जिने मला माहीत आहेत: अरुंद, उंच पायऱ्या, मधे कुठे वळण असलं तर नशीब. आईंनी चढताना पायरीवर पाऊल ठेवून अंग वर उचलतानाच श्वास सोडायचा, फुंकर घातल्यासारखे ओठ करून. बहुतेक लोक नेमका उलटा प्रकार करतात, श्वास कोंडून चार पायऱ्या चढतात आणि मग धापा टाकतात. पायरीवर थांबून नाकाने श्वास घ्यायचा, चढताना तोंडाने सोडायचा. आत घ्यायला दोन आकडे, सोडायला चार. एक मजला झाला की थांबा. त्या मजल्यावरच्यांना सांगून दारात महिनाभर एक खुर्ची ठेवा, कोणी नाही म्हणणार नाही. दम लागलाच तर कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून थोडं पुढे वाकून उभं राहायचं, खांदे सैल सोडायचे. पाठीवर थोपटत "जोरात श्वास घे, जोरात" म्हणणारे नातेवाईक आधी दूर करा.

पहिला आठवडा तरी जिना दिवसातून एकदाच, तोही काम असेल तर. म्हणजे बाबांची कमाटीबाग आत्ता नाही. बागेत चालायला त्रास नाही, सपाट आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. पण परत येऊन दोन मजले चढायचे ते बागेच्या हिशेबात कोणी धरत नाही. घरात सलग पंधरा मिनिटं आरामात जमू लागली आणि जिना मधे एकदाच थांबून चढता आला की न्या. रिक्षाने जा, आत एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चाला, रिक्षाने या. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दिवाळीच्या आसपास फटाक्यांच्या धुरात मात्र बागही नको आणि गच्चीही नको.

दवाखान्यातून घरी सोडताना तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं असेल. आईंना ते तुमच्यासमोर करायला लावा. निम्मे लोक त्यात फुंकतात. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आणि तिन्ही चेंडू टणकन वर उडवले की घरचे टाळ्या वाजवतात, तेही चूक. झटका देऊन ओढलं की हवा वरच्या भागातच खेळते, फुप्फुसाचा तळ उघडत नाही. पहिला चेंडू हळू उचलून तीन-चार सेकंद वर ठेवता आला, तर तिसऱ्या चेंडूपेक्षा ते मोलाचं. ताठ बसून, पाच-सहा वेळा, मधे विश्रांती, दिवसातून चार-पाच वेळा. चक्कर आली तर थांबायचं. कफ असेल तर खोकून खोकून घसा सोलू नका: मध्यम श्वास घ्यायचा, तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरावी तसा "हाऽऽ" करून जोरात सोडायचा, दोनदा, मग एकदाच खोकायचं. खोकताना बरगड्या दुखत असतील तर उशी छातीशी घट्ट धरायची.

वाफेने नाक मोकळं होतं, फुप्फुस बरं होत नाही. घ्यायची तर घ्या, पण मांडीवर उकळतं पातेलं ठेवून नको. भाजलेल्या मांड्या घेऊन आलेले लोक मी पाहिलेत. आल्याचा चहा, हळदीचं दूध खुशाल. गुळवेलीचा काढा रोजच्या रोज महिनोन्‌महिने नको. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत, आणि आईंना आधीच इतकी औषधं चालू आहेत.

खाण्याकडे यापेक्षा जास्त लक्ष द्या. आजारी माणसाला आपल्याकडे मऊ भात, पेज, खिचडी-कढी आणि साबुदाणा. पचायला हलकं, मान्य, पण त्यातून मांडी भरून येत नाही, आणि साखर मात्र वाढते. आईंच्या वजनाला रोज 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत, मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला असेल तर. तो डॉक्टरांना आधी दाखवा. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18, वाटीभर घट्ट वरणात 6-7, मूठभर शेंगदाण्यांत 7. म्हणजे दोन्ही वेळचं वरण, दही आणि दूध धरलं तरी 40 च्या आतच राहते गाडी. अंडं चालत असेल तर दोन, नाहीतर पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, आणि प्रत्येक खाण्यात थोडं थोडं. एकदम रात्री नाही. तोंडाला चव नसेल तर आई सेव उसळ मागतील, बडोद्याचं माणूस दुसरं काय मागणार! घरी करा. वाटाण्याची उसळ उत्तम आहे, तर्री आणि वर मूठभर शेव यांनी खोकला उठेल, ते कमी करा.

साखर आठवड्यातून दोन-तीनदा तरी मोजा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर. स्टिरॉइड दिलं असेल तर ती वाढते आणि बंद झाल्यावर खाली येते, गोळ्यांचा डोस त्याप्रमाणे बदलावा लागू शकतो. स्टिरॉइडच्या गोळ्या अजून चालू असतील तर "आता बरं आहे" म्हणून मनाने बंद करू नका. आणि हो, फ्लूची गोळी, ओसेल्टामिविर. सहसा पाच दिवसांची, दिवसाला दोन, आजाराच्या पहिल्या 48 तासांत सुरू केली तर जास्त उपयोगाची. आता त्या राहिलेल्या असतील तर खोकल्यासाठी द्यायच्या नाहीत.

केस गळायला लागतील, बहुधा दिवाळीच्या सुमारास. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत परत येतात. तेलं बदलत बसू नका. झोप तुटक असणं, विनाकारण रडू येणं, वस्तू कुठे ठेवली ते न आठवणं, हेही दिसेल. पाच दिवस मास्कखाली श्वासासाठी झगडलेल्या माणसाला रात्री दचकून जाग येते, त्यात नवल नाही. महिन्या-दीड महिन्यात कमी झालं नाही तर त्यासाठीही डॉक्टर आहेत, लाजायचं काही नाही.

पावागड यंदा नको. रोपवेने गेलात तरी वरच्या स्टेशनापासून देवळापर्यंत पायऱ्या उरतातच, आणि नवरात्रात त्या पायऱ्यांवर मागून रेटा असतो, हवं तिथे थांबून दम खाता येत नाही. हे मी दमावरून सांगतेय; गर्दीत पुन्हा संसर्ग होण्याची भीती आहे ती वेगळीच. नवसाला तारीख नसते, चैत्री नवरात्रही देवीचंच. तोवर सहा महिने मिळतात, आणि आई आज जिथे आहेत तिथून सहा महिन्यांत पावागडच्या पायऱ्यांपर्यंत पोचणं अगदी शक्य आहे. तेव्हाही आठवड्याचा साधा वार बघा, पहाटे निघा. घटस्थापना घरी करू द्या, पण उपास नको: मधुमेह, औषधं आणि घटलेले स्नायू, तिन्हींना तो परवडणारा नाही. गरबा बसून बघायचा.

बाबा कदाचित म्हणतील, 2009 मध्ये आमच्या ओळखीतला अमका आठवड्यात कामाला लागला होता. लागला असेल. तो विषाणू विचित्र होता, नेहमीच्या फ्लूत म्हातारी माणसं जास्त दगावतात, त्यात तरुण, गरोदर बायका आणि स्थूल माणसं जास्त गंभीर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 ला महासाथ जाहीर केली आणि 10 ऑगस्ट 2010 ला ती संपल्याचं सांगितलं, पण विषाणू कुठे गेला नाही. तो हंगामी फ्लू होऊन राहिला, 2015 च्या सुरुवातीला गुजरातेत त्याने पुन्हा हात दाखवला, आणि आईंना झाला तोही त्याच वंशातला. बहुतेकांना तो आठवड्यात सोडतो. न्यूमोनिया होऊन ऑक्सिजन लागला, की तो वेगळा आजार समजायचा, दोघांची तुलना नको. त्या साथीत जीव वाचला की पेशंट घरी आणि विषय संपला; पुढच्या तीन महिन्यांत माणसाचं काय होतं, हे विचारायची सवय आपल्याकडे कोविडनेच लावली, असं माझं मत.

राहिली पुढची तपासणी. आजाराला सहा आठवडे झाले की डॉक्टरांना विचारून छातीचा एक्स-रे पुन्हा काढा आणि दवाखान्यातली जुनी फिल्म बरोबर न्या, कारण एकट्या नव्या फिल्मवरून सुधारणा कळत नाही. डाग तसाच असेल किंवा दम वाढत असेल तर सीटी स्कॅन, फुंकण्याची चाचणी, हृदयाची सोनोग्राफी, यांतलं काय करायचं ते छातीचे डॉक्टर ठरवतील. त्याच वेळी फ्लूच्या लसीचं विचारा. "होऊन गेला, आता कशाला" असं म्हणू नका. त्या लसीत एच1एन1 शिवाय फ्लूचे इतर प्रकारही असतात, ते आईंना झालेले नाहीत, आणि विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. मधुमेहींसाठी न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची, लसही असते, तिचंही तेव्हाच ठरवून टाका. तुम्ही आणि बाबांनीही फ्लूची लस घ्या. मावशी रोज येत असतील तर त्यांनीही.